तपशिलाचा रकाना

माझ्या मोटरसायकलला यंदा वीस वर्षे पुरी होत आहेत. पंधरा वर्षांची मुदत सरल्यावर परिवहन कचेरीत अर्ज गुदरून तिची नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली, त्या दिवशी तेथील कारकुनाने कागदावर शिक्का उमटवताना माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, ती नजर म्हाताऱ्या घोड्याला नवे नाल ठोकून घेणाऱ्या माणसासाठीच राखून ठेवलेली असावी. तथापि गाडी चालत होती, आणि चालत्या वस्तूचा त्याग करण्याची विद्या आमच्या घराण्यात कोणालाच अवगत नसल्यामुळे ती घरात राहिली. गेल्या महिन्यात मात्र तिने एक नवा हट्ट आरंभला. स्टार्टरचे बटण दाबावे, आसनाखालून ‘कट्’ असा एकच कोरडा शब्द यावा, आणि एखाद्या साक्षीदाराने नाव-गाव सांगून पुढे मौन धरावे त्याप्रमाणे सारी यंत्रणा स्तब्ध व्हावी, असा क्रम सुरू झाला. कधी चौथ्या-पाचव्या प्रयत्नात मोटर कण्हत कण्हत फिरे. कधी तेही नाही. हल्लीच्या पुष्कळ नव्या गाड्यांवरून अदृश्य झालेली किक माझ्या गाडीला आहे, म्हणून चारचौघांत अब्रू राहिली. परंतु माझ्या उजव्या गुडघ्याचे मत या व्यवस्थेला अनुकूल नव्हते.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात. न्यायालयात शिरस्तेदार म्हणून हयात घालवून ते निवृत्त झाले आहेत. मूळचे विज्ञानाचे पदवीधर, आणि तरुणपणी रेडिओ जुळवण्याचा नाद असलेले. दप्तर आणि विद्युत या दोन्ही विषयांत ते सारखेच काटेकोर आहेत, आणि दोन्हींची परिभाषा त्यांच्या तोंडी इतकी मिसळून गेली आहे की ते कोणाविषयी बोलत आहेत, फिर्यादीविषयी की फ्यूजविषयी, हे कळायला क्षणभर वेळ लागतो. माझी रोजची किक ऐकून ते एके दिवशी खिशात मीटर घालून माझ्याबरोबर शिवाजी उद्यमनगरात यायला निघाले. ज्या वसाहतीतल्या लेथ आणि भट्ट्यांनी कोल्हापूरच्या ऑइल इंजिनांना एके काळी शेताशेतांत पोहोचवले, तिच्या एका बोळात आमच्या मिस्त्रींचे पत्र्याचे दुकान आहे. पुढे जो संवाद झाला तो जमेल तसा उतरवून ठेवतो आहे. मिस्त्रींच्या बोलीचा ठसका मला कागदावर साधत नाही, तेव्हा ती थोडी घासूनपुसून घेतली आहे, हे आधीच कबूल करतो.

मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलेही नाही. दुसऱ्या एका गाडीच्या चेनमध्ये हात घातलेल्या अवस्थेतच ते म्हणाले, “मारा बघू सेल्फ.” मी बटण दाबले. ‘कट्’ झाले. “रिले गेला,” मिस्त्री म्हणाले, आणि पोऱ्याला खणातून नवा रिले काढायला सांगितले.

“निकाल लागला?” शिरस्तेदारांनी विचारले. “जबानी नाही, तपास नाही, आणि एकदम शिक्षा?”

“साहेब, आवाज ऐकला की. सेल्फचे आवाज चारच. बटण दाबल्यावर काहीच वाजलं नाही तर बटण, फ्यूज, नाहीतर क्लचच्या दांडीखालचा स्विच. कट-कट-कट-कट असं मका भाजल्यासारखं वाजलं तर बॅटरी बसली. घर्रर्र करून मोटर नुसतीच फिरली आणि इंजिन हललं नाही तर आतला वन-वे क्लच. आणि हा असा एकदाच कट् वाजून गप्प झाला, की रिले. आतला तांब्याचा ठोकळा जळतो. तो चिकटतो, पण करंट सोडत नाही.”

येथे मला मध्ये थांबून सांगितले पाहिजे की मिस्त्रींचे हे चार आवाजांचे शास्त्र मी नंतर शिरस्तेदारांकडून तपासून घेतले, आणि त्यांना त्यात फारसे खोडण्यासारखे सापडले नाही. विशेषतः मका भाजण्याच्या आवाजाचा खुलासा त्यांनी मोठ्या आनंदाने केला. रिले म्हणजे एक विद्युत्‌चुंबक. बटणातून येणाऱ्या किरकोळ प्रवाहाने तो जागा होतो आणि बॅटरीपासून मोटरपर्यंतची जाड वाट जोडून देतो; जोडताक्षणी मोटर इतका प्रवाह मागते की दुर्बळ बॅटरीचा दाब कोसळतो, दाब कोसळला की चुंबकाची पकड सुटते, पकड सुटली की भार जातो आणि दाब पुन्हा वर येतो, चुंबक पुन्हा ओढतो, आणि दरिद्री माणसाच्या उसनवारीसारखे हे चक्र सेकंदाला कित्येक वेळा फिरत राहते. मिस्त्रींनी हे गणित कधी मांडले नव्हते. त्यांनी ते ऐकले होते.

त्या दिवशी मात्र शिरस्तेदार इतके उदार नव्हते. “आवाजाने रिले खेचला जातो एवढेच सिद्ध होते,” ते म्हणाले. “पुढे प्रवाह कोठे अडला, हे त्या आवाजाला ठाऊक नाही. ठोकळा जळला असेल. मोटरमधले कार्बन झिजले असतील. बॅटरी वरून धडधाकट दिसत असून आतून पोखरलेली असेल. एकाच लक्षणाला चार धनी संभवतात, आणि तुम्ही पहिल्यालाच बेड्या घालता.”

“बॅटरी चांगली आहे. हॉर्न ऐका,” असे म्हणून मिस्त्रींनी हॉर्न दाबला. बोळातली दोन कुत्री उठून उभी राहिली.

“हॉर्नला दोन-तीन अँपिअर लागतात. स्टार्टरला कित्येक दहा. जो माणूस तीन रुपयांचे देणे चोख देतो तो शंभराची हुंडी पटवीलच, हा निष्कर्ष सावकारसुद्धा काढणार नाही.”

“सावकार माणूस बघून काढतो साहेब. मीटर लावून नाही.”

आणि मग तो वाद सुरू झाला, ज्याच्यासाठी खरे तर मी हा लेख लिहायला बसलो.

“हे पाहा मिस्त्री,” शिरस्तेदार स्टुलावर बसत म्हणाले, “तुमच्या अनुभवाला मी कमी लेखत नाही. आमच्याकडे त्याला नजीर म्हणत. पूर्वीच्या मुकदम्यांत काय ठरले ते पाहून चालू मुकदम्याकडे पाहायचे, यात गैर काही नाही. पण नजीर न्यायाधीशाला वाट दाखवते; ती आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही. या जातीच्या गाड्यांचे रिले जळतात म्हणून या गाडीचा रिले जळला, हे अनुमान आहे. आणि अनुमानावर गिऱ्हाइकाचे तीन-चारशे रुपये खर्ची टाकायला तुम्हाला अखत्यार कोणी दिला?”

“गिऱ्हाइकानंच दिला,” मिस्त्री हात पुसत म्हणाले. “तुमच्या कोर्टात आरोपी तारखेमागून तारीख थांबतो. माझ्या दारातला माणूस दहा वाजता कामावर पाहिजे असतो. मी मीटर घेऊन तासभर वायरी धुंडाळल्या, तर त्याचा अर्धा दिवसाचा पगार गेला, माझ्या दोन गाड्या परत गेल्या, आणि शेवटी सापडलं काय, तर तोच रिले. मग हा शोध कोणासाठी केला? तीन-चारशेची वस्तू शोधायला पाचशेचा वेळ घालायचा, याला तुम्ही शास्त्र म्हणा. आम्ही येडेपणा म्हणतो.”

“आणि रिले बदलूनही गाडी सुरू झाली नाही तर?”

“मग पुढचं बदलायचं.”

“म्हणजे तपासाऐवजी तुम्ही शिक्षाच करीत जाता, आणि ज्याच्या शिक्षेनंतर गुन्हे थांबले तो गुन्हेगार!”

मिस्त्री हसले. त्यांना ही व्याख्या मान्य असावी.

मी मनाशी कबूल करीत होतो की माझे मन मिस्त्रींच्या बाजूला झुकत आहे. तपासाची महती सांगणारा माणूस बहुधा ज्याला वेळेचा तोटा नाही असा असतो. निवृत्तिवेतन ही पद्धतशीर विचाराला फार पोषक वस्तू आहे. मात्र मिस्त्रींनी उच्चारलेला तो ‘मग पुढचं’ मलाही खटकला, कारण त्या ‘पुढच्या’त मोटर होती, बॅटरी होती, आणि माझ्या खिशाची क्षमता बॅटरीच्या क्षमतेहून फारशी निराळी नव्हती.

शिरस्तेदारांनी मीटर काढले. बॅटरीच्या दोन टोकांवर दाब भरला 12.6 व्होल्ट. “विश्रांतीत पूर्ण भरलेली,” ते म्हणाले. “12 च्या खाली असती तर आपण घरी जाऊन तिला रात्रभर चार्जिंगला लावली असती. पण विश्रांतीतला दाब म्हणजे स्वागतकक्षातला चेहरा. आता बटण दाबा.” मी दाबले. आकडा 12.1 वर आला आणि तेथेच थांबला. शिरस्तेदारांच्या भुवया वर गेल्या. बॅटरी दुर्बळ असती, तर आकडा नऊच्याही खाली कोसळता. आणि मोटर नीट ओढत असती, तर दहा-अकरापर्यंत तरी उतरता. “तिच्यावर भारच येत नाही,” ते म्हणाले. “देणारा देण्यास तयार आहे, मागणाऱ्याचा हात तिथवर पोहोचत नाही.”

“म्हणजे रिलेच की,” मिस्त्री म्हणाले.

“असेल. सिद्ध करा.”

येथे मिस्त्रींनी जे केले ते पाहून मला त्यांच्याविषयीचा आदर दुणावला. गाडी न्यूट्रलमध्ये आहे ना, एवढे हिरव्या दिव्याकडे पाहून त्यांनी खात्री केली, एक जाड पेचकस उचलला, आणि रिलेच्या दोन जाड बोल्टांवर तो आडवा टेकवला. ही उद्यमनगरातली सर्वमान्य रीत आहे: रिलेला बाजूला सारून बॅटरी आणि मोटर यांची थेट गाठ घालून द्यायची, मोटर फिरली तर रिले दोषी, न फिरली तर निर्दोष. ठिणगी उडाली, परंतु निस्तेज उडाली. मोटर एकदा कण्हली आणि थांबली.

मिस्त्रींनी पेचकस खाली ठेवला, आणि नवा रिले हातात घेऊन उभ्या असलेल्या पोऱ्याला म्हणाले, “ठेव तो खणात.”

मीटरवाल्या माणसाने मीटर न वापरणाऱ्या माणसाचा पुरावा इतक्या तत्काळ मान्य करावा, हेही मला तितकेच आवडले. “उत्तम,” शिरस्तेदार म्हणाले. “हीच तपासणी मी त्या दोन बोल्टांमधला दाब मोजून केली असती. तुम्ही ठिणगीने केलीत. आरोपी सुटला.”

“मग मोटर. कार्बन संपले,” असे म्हणत मिस्त्रींनी पाना उचलला.

“पुन्हा!” शिरस्तेदार उठून उभेच राहिले. “एकाला सोडले की लगेच दुसऱ्याला धरायचे?” पण पोऱ्या चहा घेऊन आला, आणि चहा चालू असताना पाना चालवायचा नाही एवढा शिष्टाचार त्या बोळात आहे. त्या अवकाशात शिरस्तेदारांनी आम्हाला चार्ल्स केटरिंग या अमेरिकन अभियंत्याची हकिगत सांगितली, ज्याच्या स्टार्टरने 1912 च्या कॅडिलॅक मोटारीवरून हाताने फिरवण्याचा लोखंडी दांडा हद्दपार केला. इंजिन फिरवण्याजोगी मोटर मोटारगाडीत मावणार नाही इतकी मोठी लागेल, असा जाणत्यांचा कौल होता. पण केटरिंग त्याआधी नॅशनल कॅश रजिस्टर या कंपनीत होता, आणि गल्ल्याचे यंत्र क्षणभर फिरवणारी विजेची मोटर त्याने तेथे बनवली होती. जी मोटर काही क्षणच राबणार आहे तिच्याकडून तिच्या कुवतीबाहेरचे काम घेता येते, हे त्याला त्या गल्ल्यावर उमगले. “म्हणून बटण पाच-सात सेकंदांहून अधिक दाबून धरू नये,” शिरस्तेदार माझ्याकडे पाहून म्हणाले. मी ते दाबून धरतो, हे त्यांनी भिंतीपलीकडून ऐकले असणार. मोटरसायकलीवर हे साधायला मात्र काळ लागला. अमेरिकेतल्याच ‘इंडियन’ कारखान्याने 1914 मध्ये ‘हेंडी स्पेशल’ नावाची विजेने सुरू होणारी गाडी काढली, पण त्या काळच्या बॅटऱ्या त्या भाराखाली टिकेनात आणि वर्षभरात ती मागे घ्यावी लागली. हार्ले-डेव्हिडसनने बटण दिले ते 1965 साली, आणि त्या नवलाईच्या अभिमानाने गाडीचे नावच ‘इलेक्ट्रा ग्लाइड’ ठेवले.

“गल्ला उघडणाऱ्या माणसानं सेल्फ काढला होय,” मिस्त्री बशी खाली ठेवत म्हणाले. “तरीच बिघडला की पैसे मोजावे लागतात.”

चहानंतर शिरस्तेदारांनी मोटर उघडण्यापूर्वी एक मिनिटाची तहकुबी मागून घेतली. वीज बॅटरीच्या अधिक टोकाकडून जाते इकडेच सगळे पाहतात, असे ते म्हणाले. ती ऋण टोकाकडे परत येते, आणि या परतीच्या वाटेची दाद कोणी घेत नाही. मोटरला परतीची वेगळी तार नसते. तिचे लोखंडी अंग इंजिनाला, इंजिनाला एका बोल्टाने जाड काळी वायर, आणि ती वायर बॅटरीला, असा तो मार्ग. त्यांनी मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटीवर आणि दुसरे इंजिनाच्या उघड्या धातूवर टेकवले. वास्तविक ही दोन स्थाने विजेच्या दृष्टीने एकच असली पाहिजेत. मोटर राबत असतानाही त्यांच्यात फार तर पाव-अर्ध्या व्होल्टचा फरक क्षम्य. मी बटण दाबले. मीटरने 6.8 दाखवले.

बॅटरीचा अर्ध्याहून अधिक दाब त्या परतीच्या वाटेवर कोठेतरी गडप होत होता.

शिरस्तेदार काही बोलणार, इतक्यात मिस्त्रींनी आपण होऊन आसनाखाली हात घातला. बॅटरीच्या ऋण खुंटीवरून जाड वायरीच्या जोडीला एक बारीक वायर दिव्याबत्तीच्या जुडग्याकडे जाते. ती त्यांनी दोन बोटांत धरली. “परत मारा.” मी परत मारले. “गरम होते आहे,” ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा एकदम बदलला. “मोठ्या वायरीतनं जायचं ते सगळं हिच्यातनं चाललं आहे. खालचा अर्थिंगचा बोल्ट.” मग बोटे तशीच ठेवून त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, “गाडी पाण्यात होती का कधी?”

होती. जुलै 2021 मध्ये पंचगंगा शाहूपुरीच्या सखल भागात शिरली तेव्हा ही गाडी दोन दिवस टाकीपर्यंत पाण्यात उभी होती. नंतर ऑइल बदलले, गाळ धुतला, सर्व काही सुरळीत झाले, आणि ते प्रकरण माझ्या दृष्टीने दप्तरदाखल झाले होते. मला कोणी विचारले नव्हते, आणि मलाही सांगण्याचे सुचले नव्हते.

“ही जबानी पहिल्यांदाच घ्यायला हवी होती,” शिरस्तेदार हळूच म्हणाले. हे त्यांनी कोणाला उद्देशून म्हटले ते समजले नाही. परंतु दीड तासात त्यांनी मला एकही प्रश्न विचारला नव्हता, ही गोष्ट त्यांच्याही ध्यानात आली असावी.

बोल्ट इंजिनाच्या मागे, दिसणार नाही अशा जागी होता. तो निघाला तेव्हा वायरीच्या थिंबलखाली पुराचा वाळलेला गाळ आणि त्याच्याभोवती हिरवट-पांढरी खपली दिसली. इतकी वर्षे ओलावा तेथे गुपचूप आपले काम करीत राहिला होता. मिस्त्रींनी पॉलिश पेपरने थिंबल आणि इंजिनाचा धातू लख्ख केला, डब्यातून एक दातेरी वॉशर शोधून घातला, बोल्ट आवळून वरून व्हॅसलिनचे बोट फिरवले. मी बटण दाबले, आणि इंजिन पहिल्याच हाकेला उठले. शिरस्तेदारांनी पुन्हा मोजले: 0.1. चालत्या इंजिनावर बॅटरीच्या टोकांत 14.2, म्हणजे चार्जिंगही व्यवस्थित. आकडा त्यांनी दोनदा वाचून दाखवला. मिस्त्री इंजिन ऐकत होते.

“आता सांगा,” शिरस्तेदार म्हणाले, “मोटर उघडली असती, कार्बन बदलले असते, रिलेही नवा घातला असता, तरी ही गाडी उद्या सकाळी ‘कट्’ म्हणालीच असती की नाही?”

“म्हणाली असती,” मिस्त्री शांतपणे म्हणाले. “पण साहेब, आता तुम्ही सांगा. मी यांच्याकडून किती घेऊ?”

शिरस्तेदार थबकले.

“रिले घातला असता तर रिलेचे पैसे आणि वर मजुरी. जुना रिले कागदात गुंडाळून हातात दिला, की गिऱ्हाईक तो घरी नेऊन चार माणसांना दाखवतं, आणि पैशाबद्दल शब्द काढत नाही. इथं काय दाखवू? बोल्ट त्यांचाच, वायर त्यांचीच. पॉलिश पेपर घासला म्हणून दोनशे मागितले तर म्हणतील मिस्त्री लुटतो. तुमचं मीटर मलाही येतं साहेब, त्या खणात एक पडून आहे. पण सापडवण्याचे पैसे आजपर्यंत मला कोणी दिले नाहीत. वस्तूचे देतात.”

मला वाटते, त्या दिवशी बोळात उच्चारले गेलेले सर्वांत वजनदार वाक्य हे होते, आणि त्याला शिरस्तेदारांपाशी उत्तर नव्हते. माझ्यापाशीही नव्हते, कारण ‘नुसत्या घासण्याचे इतके?’ हा प्रश्न माझ्या ओठांपर्यंत येऊन गेला होता, हे मला ठाऊक आहे. मी घाईने म्हणालो, “रिलेचे जितके झाले असते तितके घ्या. आणि पावती द्या.” पावतीची मागणी शिरस्तेदारांच्या सहवासाचा परिणाम.

मिस्त्रींनी काळ्या बोटांनी पावतीपुस्तक उघडले. तारीख घातली, गाडीचा नंबर घातला. ‘तपशील’ या रकान्यावर पेन बराच वेळ थांबले. त्यांनी एकवार शिरस्तेदारांकडे पाहिले. ज्यांच्या हाताखालून चाळीस वर्षे न्यायालयाचे कागद गेले आणि ज्यांनी एका कान्यामात्रेच्या चुकीसाठी अर्ज परत फिरवले, ते शिरस्तेदार चष्मा पुसण्यात गुंतले होते.

मिस्त्रींनी लिहिले: ‘वॉशर, 1 नग. रुपये 350.’

शिरस्तेदारांनी चष्मा लावला, पावती माझ्या हातातून घेऊन वाचली, तिची व्यवस्थित चौघडी केली आणि माझ्या खिशात ठेवली.